मोठ्या आतड्याचं ऑपरेशन: आधी तोंडातून अँटिबायोटिक, नंतर प्रोबायोटिक? वॉर्डसाठी एकच पद्धत ठरवायची आहे

वॉर्डसिस्टर

सर्जिकल वॉर्डसाठी एक लेखी पद्धत तयार करायची आहे. ठरवून केलेल्या मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनांपुरतीच. कॅन्सरचे पेशंट जास्त, काही स्टोमा (पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) बंद करायला येणारे. सध्या युनिटगणिक रीत वेगळी आहे. एका युनिटला फक्त पोट साफ करून हवं असतं, दुसऱ्याला काहीच नको असतं, तिसऱ्याकडे मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या ऑपरेशनच्या पाच दिवस आधीपासून सुरू होतात. ऑपरेशननंतर शिरेतून अँटिबायोटिक मात्र सगळीकडे पाच ते सात दिवस चालतं आणि जोडीला प्रोबायोटिक असतंच.

हल्ली नातेवाईक वाचून येतात आणि विचारतात, "अँटिबायोटिकनं पोटातले चांगले जंतू मरतात म्हणे, मग इन्फेक्शन वाढणार नाही का?" त्यांना नीट कारणासकट सांगता यायला हवं.

मला हवं ते असं. पोट साफ करणं आणि तोंडातून अँटिबायोटिक, दोन्ही द्यायचं की एकच, आणि कोणत्या वेळेला? शिरेतून किती दिवस? प्रोबायोटिक, दही, ताक यांचं काय? आणि ऑपरेशननंतर संसर्गाची शंका आली तर पहिल्यांदा काय बघायचं, काय तपासायला पाठवायचं? मात्रा आणि वेळा आकड्यांत सांगितल्यात तर थेट तक्त्यात घालता येतील.

---

आतडंजोड

सिस्टर, नातेवाइकांचा प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचं उत्तर औषध द्यायचं की नाही यात नाही, किती वेळ द्यायचं यात आहे. आदल्या दिवशी थोडक्या वेळाचा जोरदार मारा, चीर देताना रक्तात आणि ऊतींमध्ये पुरेसं औषध, आणि टाके पडले की बंद. फायदा जवळजवळ सगळा एवढ्यातच मिळतो. पाच दिवस आधीपासूनच्या गोळ्या आणि सात दिवस नंतरची इंजेक्शनं यांनी तो वाढत नाही. उलट आतड्यातले निरुपद्रवी जंतू जातात आणि त्यांच्या जागी औषधाला न जुमानणारे वाढतात. तणनाशक मारून शेत महिनाभर मोकळं ठेवलं तर पहिल्यांदा तणच उगवतं, तसंच हे.

आधी आकडे, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. लहान आतड्याच्या सुरुवातीला एका मिलिलिटर द्रवात साधारण हजार ते दहा हजार जंतू असतात. मोठ्या आतड्यात एका ग्रॅम मळात सुमारे दहा हजार कोटी. म्हणून जठराच्या ऑपरेशनात चमचाभर द्रव सांडणं आणि सिग्मॉइड (गुदाशयाच्या आधीचा मोठ्या आतड्याचा भाग) कापताना चमचाभर मळ सांडणं या दोन वेगळ्याच घटना आहेत.

नुसतं पोट साफ करून काय होतं? मळाचं आकारमान कमी होतं, पण आतल्या आवरणाला चिकटलेल्या जंतूंची दाटी फारशी कमी होत नाही. अर्धवट साफ झालेलं पोट तर सगळ्यात वाईट. घट्ट मळ जागच्या जागी राहतो, पातळ मळ कापलेल्या टोकातून पोटात पसरतो. उलट नुसत्या गोळ्या दिल्या तर भरलेल्या आतड्यात घट्ट मळाच्या आतपर्यंत औषध पोचायला अडचण. म्हणून दोन्ही एकत्र. जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची शिफारसही अशीच आहे: पोट साफ करायचं तर तोंडातल्या अँटिबायोटिकसह, नुसतं नको.

पुरावा किती भक्कम आहे तेही सांगतो, कारण युनिटप्रमुख विचारतीलच. १९७७ च्या अमेरिकेतल्या चाचणीत पोट साफ केलेल्या पेशंटना निओमायसिन आणि एरिथ्रोमायसिन दिल्यावर संसर्गाच्या गुंतागुंती ४३ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आल्या. पण तेव्हा शिरेतून अँटिबायोटिक दिलं नव्हतं, त्यामुळे तो फरक आजच्या पेशंटला जसाच्या तसा लागू होत नाही. फिनलंडच्या २०१९ च्या चाचणीत दोन्ही दिलेल्यांत जखमेचा संसर्ग ७ टक्के आणि काहीच न दिलेल्यांत ११ टक्के होता. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. स्पेनच्या २०२० च्या चाचणीत पोट साफ न करता फक्त आदल्या दिवशी गोळ्या दिल्या, तर प्रमाण ११ वरून ५ टक्क्यांवर आलं. गुदाशयाच्या ऑपरेशनांवरची फिनलंडचीच २०२४ ची चाचणी सगळ्यात बोलकी वाटते. तिथे सगळ्यांचं पोट साफ केलेलं होतं, निम्म्यांना गोळ्या दिल्या होत्या, आणि जोड (आतड्याची कापलेली टोकं शिवलेली जागा) फुटण्याचं प्रमाण १३.५ वरून ५.८ टक्क्यांवर आलं.

माझं मत स्पष्ट आहे. गुदाशय आणि डाव्या बाजूच्या आतड्यासाठी दोन्ही द्या. उजव्या बाजूला पोट साफ करणं सर्जनवर सोडा, गोळ्या तरी द्याच.

आता वेळा. जुनी, चांगली पारखलेली पद्धत म्हणजे निओमायसिन १ ग्रॅम आणि एरिथ्रोमायसिन बेस १ ग्रॅम, आदल्या दिवशी दुपारी १, दुपारी २ आणि रात्री ११ वाजता. हे सकाळी ८ च्या केससाठी आहे, म्हणजे चीर देण्याच्या १९, १८ आणि ९ तास आधी. तक्त्यात घड्याळाची वेळ लिहा, पण शेजारी "चिरेच्या इतके तास आधी" हेही लिहा. केस दुपारी २ ला गेली की रकानाही सहा तास पुढे सरकायला हवा.

पहिल्या मात्रेआधी जुलाब बहुतांश उरकलेले हवेत. ही चूक फार ठिकाणी होते: गोळ्या दुपारी आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं (जुलाबाच्या पावडरचं) पाणी संध्याकाळी. मग गोळ्या संडासात जातात. म्हणून सकाळी ८–९ ला सुरुवात करा. पावडरच्या पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, साधारण २ लिटर, दर १०–१५ मिनिटांनी एक पेला. बारापर्यंत संपलं पाहिजे. शेवटचा जुलाब फिकट पिवळा आणि पारदर्शक हवा. "झाली का संडास?" एवढं विचारून पुरत नाही, भांड्यात बघा आणि रंग नोंदवा. मळमळ झाली तर अर्धा तास थांबून हळू प्यायला सांगा, उलटी थांबवणाऱ्या ऑन्डान्सेट्रॉनबद्दल डॉक्टरांना विचारा.

निओमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन मिळत नसेल तर स्पॅनिश चाचणीतली पद्धत सोपी आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन ७५० मिलिग्रॅम, बारा तासांच्या अंतरानं २ मात्रा, आणि मेट्रोनिडाझोल २५० मिलिग्रॅम, आठ तासांच्या अंतरानं ३ मात्रा, सगळं आदल्या दिवशी दुपारपासून. मूत्रपिंड कमजोर असेल तर निओमायसिन टाळा. एरिथ्रोमायसिन असेल तर पेशंट सिमव्हास्टॅटिन, वॉर्फरिन किंवा हृदयाची लय बदलणारी औषधं घेतोय का ते बघा. सोडियम फॉस्फेटचं जुलाबाचं औषध वयस्कर आणि किडनीच्या पेशंटना नकोच, त्यानं मूत्रपिंड कायमचं बिघडू शकतं.

आणि सगळ्यात वर लाल अक्षरांत लिहा: आतड्याला अडथळा असेल, पोट फुगलं असेल, उलट्या होत असतील, वायू सरत नसेल, तर पोट साफ करायचं औषध देऊ नका. अडलेल्या आतड्यात दोन लिटर पाणी ढकललं तर ते फुटू शकतं.

---

भूल_आणि_बरंच_काही

शिरेतल्या औषधाबद्दल मी लिहितो, कारण ते आमच्या हातात असतं.

सेफॅझोलिन २ ग्रॅम (वजन १२० किलो किंवा जास्त असेल तर ३ ग्रॅम) आणि मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅम. दोन्ही चीर देण्याच्या आधीच्या ६० मिनिटांत, आणि चीर पडायच्या आत संपलेलं. सेफॅझोलिन तीन ते पाच मिनिटांत हळू देता येतं. मेट्रोनिडाझोलची १०० मिलीची बाटली किमान २० मिनिटं घेते, म्हणून ती पेशंट टेबलावर आला की लगेच लावायची. भूल देऊन झाल्यावर लावली तर चीर पडते तेव्हा अर्धी बाटली वर लटकत असते.

खरी गडबड वॉर्डात होते. "ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) पाठवताना अँटिबायोटिक द्या" असा आदेश असतो, सकाळी ७ ला इंजेक्शन जातं, आधीची केस लांबते आणि पेशंटला चीर पडते ११ ला. तोवर ऊतींमधली पातळी उतरलेली असते. म्हणून पहिली मात्रा वॉर्डात नकोच, ती ओटीतच. वॉर्डातून औषध पेशंटबरोबर पाठवा आणि फायलीवर "दिलेले नाही" असं ठळक लिहा. ॲलर्जीची चौकशी मात्र वॉर्डातच नीट करा: पेनिसिलिननं नेमकं काय झालं होतं, पुरळ, सूज की धाप, आणि किती वर्षांपूर्वी.

ऑपरेशन ४ तासांपुढे गेलं किंवा दीड लिटरपेक्षा जास्त रक्त गेलं तर सेफॅझोलिन पुन्हा. मेट्रोनिडाझोल सहसा पुन्हा लागत नाही, ते आठेक तास टिकतं. ओटीच्या फळ्यावर पुढच्या मात्रेची वेळ सुरुवातीलाच लिहून ठेवा, चौथ्या तासाला कोणाच्या लक्षात राहत नाही.

टाके पडल्यावर बंद. पोटात पू किंवा मळ सापडला असेल तर तो उपचार झाला, प्रतिबंध नव्हे. त्याची मुदत सर्जननं कारण लिहून ठरवावी. ड्रेन (पोटातलं पाणी बाहेर काढणारी नळी) आहे म्हणून अँटिबायोटिक चालू ठेवायला आधार नाही. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या मोठ्या अभ्यासात, २०१९ चा, प्रतिबंधाचं औषध एक दिवसापुढे चालवलं तसं मूत्रपिंडाला इजा आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचे (अँटिबायोटिकनंतर आतड्यात बळावणाऱ्या जंतूचे) जुलाब वाढले, जखमेचा संसर्ग कमी झाला नाही.

एक भर मधुमेहींसाठी. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गोळ्या किमान ३ दिवस आधी बंद, एर्टुग्लिफ्लोझिन ४ दिवस. उपास, जुलाब आणि या गोळ्या एकत्र आल्या की साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होतं आणि ग्लुकोमीटर बघून ते कळत नाही. पेशंट भरती होतो आदल्या दिवशी, म्हणून ही सूचना ओपीडीतच गेली पाहिजे.

शरीराचं तापमान ३६ अंश सेल्सिअसच्या खाली नको, साखर १८० च्या आसपास किंवा खाली. थंड पडलेल्या पेशंटच्या त्वचेत रक्त कमी पोचतं, आणि रक्तच नाही पोचलं तर अँटिबायोटिकही पोचत नाही.

---

सूक्ष्मदर्शी

मायक्रोबायॉलॉजीच्या बाजूनं लिहिते. थोडं लांबेल.

निरोगी मोठ्या आतड्यात ऑक्सिजन नको असणारे जंतू ऑक्सिजनवर वाढणाऱ्यांपेक्षा कैक पटींनी जास्त असतात. ते चोथा आंबवून ब्यूटिरेट तयार करतात, आणि आतल्या आवरणाच्या पेशींचं मुख्य इंधन तेच. ब्यूटिरेट जाळताना त्या पेशी ऑक्सिजन वापरतात, म्हणून पोकळीत ऑक्सिजन पोचत नाही. आता उपास, जुलाब, अँटिबायोटिक, मॉर्फिन, ऑपरेशनमध्ये आतड्याला कमी पडलेला रक्तपुरवठा हे सगळं दोन दिवसांत येतं. ब्यूटिरेट बनवणारे घटतात, पेशी ऑक्सिजन कमी वापरतात, तो पोकळीत झिरपतो आणि ई. कोलाय, क्लेबसिएला, एन्टेरोकॉकस यांना मोकळं रान मिळतं. जखमेच्या आणि पोटातल्या पुवात आम्हाला मिळतात तेही मुख्यतः हेच, सोबत बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस. आतड्यात तो जेमतेम टक्काभर असतो, पण पुवातल्या ऑक्सिजन नको असणाऱ्या जंतूंत पहिला नंबर त्याचाच.

जोडाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. शिकागो विद्यापीठातल्या गटानं २०१५ मध्ये उंदरांवर दाखवलं की एन्टेरोकॉकस फीकॅलिसचे काही प्रकार कोलॅजेन तोडणारं विकर (एन्झाइम) सोडतात, शिवाय यजमानाच्याच ऊतीतलं तसलं दुसरं विकर जागं करतात. जोड धरून ठेवणारा धागा म्हणजे कोलॅजेनच. शिरेतून दिलेलं नेहमीचं अँटिबायोटिक तिथे उपयोगी पडलं नाही, जोडावर थेट लावलेलं पडलं. सेफॅलोस्पोरिनना (सेफॅझोलिनच्या गटातल्या औषधांना) एन्टेरोकॉकस मुळातच दाद देत नाही, त्यामुळे हे पटण्यासारखं आहे. हे प्राण्यांतलं काम आहे, पण आतडंजोड सरांनी सांगितलेला तोंडातल्या गोळ्यांचा फायदा कशामुळे असावा याचा एक चांगला दुवा इथे मिळतो: औषध पोकळीच्या बाजूनं पोचतं.

आता पाच दिवस आधीपासूनचं मेट्रोनिडाझोल. ते नेमके ऑक्सिजन नको असणारे, म्हणजे राखणदार मारतं. ई. कोलाय आणि क्लेबसिएलावर त्याचा काहीच परिणाम नाही. पाच दिवस त्यांना जागा करून द्यायची आणि मग आतडं कापायचं. माझ्या मते तक्त्यातून सगळ्यात आधी हेच काढा.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. आतड्यात ईएसबीएल (बरीचशी सेफॅलोस्पोरिन निकामी करणारं विकर) बनवणारे जंतू बाळगणारे लोक खूप आहेत, त्यांना काही लक्षण नसतं. इस्रायल, स्वित्झर्लंड आणि सर्बियातल्या रुग्णालयांच्या अभ्यासात अशा वाहकांना नेहमीचं सेफॅलोस्पोरिन आणि मेट्रोनिडाझोल देऊनही जखमेचा संसर्ग इतरांच्या दुपटीहून अधिक झाला, आणि वाहकांना एर्टापेनेम (कार्बापेनेम गटातलं औषध) दिल्यावर कमी झाला. म्हणून शक्य असेल तिथे ओपीडीतच, ऑपरेशनच्या आधीच्या दोन आठवड्यांत, गुदद्वारातून स्वॅब घ्या. काडीवर मळाचा डाग दिसला पाहिजे, स्वच्छ काडी पाठवली तर उत्तर खोटं येतं. निकालाला एक ते दोन दिवस. वाहक निघाला तर एर्टापेनेम १ ग्रॅम, चिरेच्या आधी, एकदाच. स्वॅब न करता सगळ्यांनाच कार्बापेनेम सुरू करू नका, मग काही वर्षांत तेही औषध हातचं जाईल.

संसर्गाची शंका आली तर काय पाठवायचं? पू सिरिंजमध्ये ओढा, २ ते ५ मिली, हवा बाहेर काढा, सुई काढून टोपण लावा, लगेच प्रयोगशाळेत. फ्रिजमध्ये ठेवू नका. कापसाच्या काडीवर ऑक्सिजन नको असणारे जंतू वाटेतच मरतात, मग रिपोर्ट फक्त ई. कोलायचा येतो आणि उपचार अर्धाच होतो. ड्रेनच्या पिशवीतलं पाणी पाठवू नका, त्यात पिशवीतले जंतू वाढलेले असतात. उघड्या जखमेच्या वरच्या पापुद्र्याचा स्वॅबही निरुपयोगी. सलाईननं धुऊन खोलातून घ्या. फॉर्मवर ऑपरेशनची तारीख, कोणतं आतडं आणि चालू असलेलं अँटिबायोटिक लिहा. ग्रॅम स्टेनमध्ये (रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघताना) जंतू दिसले, पुवाला घाण वास आहे आणि कल्चरमध्ये काही वाढलं नाही, तर "जंतू नाहीत" असं समजू नका. ते बहुधा ऑक्सिजन नको असणारेच असतात.

जुलाब: चोवीस तासांत तीन किंवा जास्त पातळ शौच आणि ताप किंवा पांढऱ्या पेशी वाढलेल्या, तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलची तपासणी. फक्त पातळ मळ पाठवा, घट्ट मळाची तपासणी करायची नसते. आतड्याची हालचाल थांबलेली असेल तर जुलाब न होताही हा आजार असू शकतो, पोट फुगतं आणि पेशी चढतात. उपचाराला व्हॅन्कोमायसिन तोंडातून, १२५ मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, १० दिवस. शिरेतून दिलेलं आतड्याच्या पोकळीत पोचत नाही. अल्कोहोलच्या हँडरबनं याचे बीजाणू मरत नाहीत. साबण आणि पाणी, हातमोजे, वेगळा संडास, आणि ब्लीच.

---

रेसिडेंट_३

मॅडम, स्वादुपिंडाच्या केसेसना हेच लागू का? आमच्याकडे काविळीचे पेशंट बरेचदा पित्तनलिकेत स्टेंट (पित्त वाहतं ठेवणारी बारीक नळी) घालूनच येतात.

---

सूक्ष्मदर्शी

नाही, तिथे हिशेब वेगळा. पित्त एरवी जवळजवळ जंतुरहित असतं. स्टेंट घातला की आतड्यातले जंतू वर चढतात आणि पित्तात एन्टेरोकॉकस, क्लेबसिएला, ई. कोलाय राहायला येतात. नेदरलँड्सच्या २०१० च्या चाचणीत स्टेंट घालून थांबणाऱ्यांत गंभीर गुंतागुंती ७४ टक्के होत्या, थेट ऑपरेशन झालेल्यांत ३९. म्हणून बिलिरुबिन फार वाढलेलं नसेल, पित्तनलिकेत पू नसेल आणि आधी केमोथेरपी द्यायची नसेल तर स्टेंट टाळता आला तर टाळावा. औषधही वेगळं: २०२३ च्या अमेरिका-कॅनडातल्या ७७८ पेशंटच्या चाचणीत सेफॉक्सिटिनऐवजी पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम दिल्यावर ऑपरेशनच्या जागेचा संसर्ग ३२.८ वरून १९.८ टक्क्यांवर आला. ऑपरेशनमध्ये पित्तनलिका कापताना पित्ताचा नमुना घ्या, आठवड्यानं पू झाला तर तो रिपोर्ट हाताशी असतो.

सिस्टरच्या तक्त्यात मात्र हे मिसळू नका.

---

आहारवही

आहार आणि प्रोबायोटिक.

प्रोबायोटिक सरसकट देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनांत त्यानं संसर्ग कमी झाल्याचे बरेच लहान अभ्यास आहेत, पण प्रत्येकात जंतू वेगळे, मात्रा वेगळी, दिवस वेगळे. त्यातून "अमुक कॅप्सूल द्या" असं निघत नाही. आणि धोका शून्य नाही. नेदरलँड्समध्ये तीव्र स्वादुपिंडदाहाच्या २९८ पेशंटवरची चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रोबायोटिक मिळालेल्या गटात मृत्यू १६ टक्के, दुसऱ्यात ६ टक्के. प्रोबायोटिकच्या गटात ९ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, दुसऱ्या गटात एकाचाही नाही. आजार वेगळा होता हे खरं, पण रक्तदाब कमी असलेल्या, आयसीयूतल्या पेशंटच्या आतड्यात जिवंत जंतू सोडण्याआधी हे आठवावं. ओडिशातल्या नवजात बाळांत प्रोबायोटिकनं संसर्ग कमी झाल्याच्या अभ्यासाचा दाखला बरेच जण देतात. तो अभ्यास चांगलाच आहे, पण तो निरोगी जन्मलेल्या बाळांवरचा. इथे लागू नाही.

सॅकरोमायसिस बोलार्डीची पाकिटं आपल्याकडे सर्रास लिहिली जातात. तो यीस्ट आहे. मानेत किंवा छातीत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) असलेल्या पेशंटच्या रक्तात तो शिरल्याची उदाहरणं आहेत, आणि युरोपच्या औषध नियामकानं अत्यवस्थ किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या पेशंटना तो देऊ नये असं २०१७ मध्ये स्पष्ट केलं. पाकीट पेशंटच्या खाटेजवळ फोडू नका. पावडर हवेत उडते, हाताला लागते आणि त्याच हातानं लाइन हाताळली जाते. शेजारच्या खाटेवर सेंट्रल लाइन असेल तरी हेच.

आहारात मात्र करण्यासारखं पुष्कळ आहे. तारीख ठरल्यापासून ऑपरेशनच्या दोन-तीन दिवस आधीपर्यंत चोथा असलेलं जेवण: ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळी, पालेभाज्या, फळं, दही-ताक. चोथा हेच त्या ब्यूटिरेट बनवणाऱ्यांचं खाणं. चरबीयुक्त आहारावर ठेवलेल्या उंदरांत जोड आणि संसर्गाचे परिणाम वाईट आले आणि ऑपरेशनआधी चोथा वाढवल्यावर सुधारले. माणसांत इतका थेट पुरावा नाही, पण या जेवणात गमावण्यासारखं काही नाही. अपवाद तोच: आतडं अरुंद झालेल्या पेशंटला चोथा नको. पेन्सिलीसारखी बारीक शौच, पोटात मुरडा, जेवल्यावर फुगणं असं असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय भाकरी-उसळ सुचवू नका.

प्रथिनं दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम, आणि वरण-भातावर ते होत नाही. अंडी, दूध, पनीर, मासे, सोया, शेंगदाण्याचं कूट मोजून लिहून द्या. सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं असेल तर ७ ते १४ दिवस आधी पोषण भरून काढायला ऑपरेशन थांबवावं लागेल का, हे सर्जनला विचारा. तंबाखू, मिश्रीसकट, किमान ४ आठवडे आधी बंद.

शेवटचे दोन दिवस मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, ताक. बिया, साली, तीळ, पालेभाज्या नकोत, त्या साफ होत नाहीत. पोट साफ करायच्या दिवशी फक्त पारदर्शक द्रव: गाळलेलं नारळपाणी, साखर-मीठ-लिंबू गाळून, बिनदुधाचा चहा, गाळलेलं भाजीचं पाणी. ताक, दूध, सोलकढी, पेज हे पारदर्शक नाहीत. घरून डबा येतो तेव्हा "पातळच आहे की" म्हणून पेज पाजली जाते, म्हणून नातेवाइकांच्या कागदावर पदार्थांची नावं लिहा, नुसतं "लिक्विड" नको. ऑपरेशनआधी ६ तास घन पदार्थ बंद, २ तास पारदर्शक द्रवही बंद. "रात्री बारापासून पाणीही नाही" याची गरज नाही, पोट उशिरा रिकामं होणाऱ्यांचा निर्णय भूलतज्ज्ञ घेतील.

ऑपरेशननंतर सर्जननं हरकत घेतली नाही तर २४ तासांच्या आत तोंडानं सुरू करा. वायू सरायची वाट बघत चार दिवस उपाशी ठेवलं तर आतल्या आवरणालाही उपास घडतो. दही-ताक जेवणातलं म्हणून अवश्य द्या, घरचं ताजं, पण सेंट्रल लाइनवरच्या आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या पेशंटचं डॉक्टरांना विचारून.

---

वॉर्डसिस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच दिवसांचं मेट्रोनिडाझोल आणि सरसकट प्रोबायोटिक दोन्ही मसुद्यातून काढलं. तीन गोष्टी अजून हव्या आहेत. गोळी घेतल्यावर उलटी झाली तर? केस ऐन वेळी दुसऱ्या दिवसावर गेली तर गोळ्या पुन्हा द्यायच्या का? आणि ऑपरेशननंतर जोड फुटतोय हे वॉर्डात लवकर कशावरून ओळखायचं?

---

आतडंजोड

अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली आणि गोळी दिसली तर सर्जनला कळवून ती मात्रा पुन्हा. त्यानंतर झाली तर नाही, पुढची मात्रा वेळेवर द्या. दोन मात्रा वाया गेल्या तर ओटीला आधी कळवा आणि फायलीवर लिहा. पेशंटला रागावू नका. एरिथ्रोमायसिननं पोटात मुरडा येतोच, तो औषधाचाच परिणाम आहे.

केस दुसऱ्या दिवशी गेली तर जुलाबाचं औषध सहसा पुन्हा पूर्ण लागत नाही, तोवर पारदर्शक द्रवावर ठेवा. गोळ्यांच्या मात्रा नव्या वेळेनुसार पुन्हा द्याव्या लागतात. सोडियम, पोटॅशियम त्या संध्याकाळी तपासा. दोन दिवसांहून जास्त लांबली तर जेवण सुरू करा आणि सगळं नव्यानं. यादीत आतड्याची केस पहिली लावून घेतली तर हा प्रश्न क्वचितच येतो, त्यासाठी युनिटप्रमुखांशी बोला.

जोड बहुधा पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमाराला फुटलेला कळतो, पण खुणा आधी असतात. नाडी १०० च्या वर राहते आणि वेदना किंवा ताप यांनी तिचा उलगडा होत नाही, श्वास २० च्या वर, नव्यानं अनियमित झालेली नाडी, काल जेवत होता आणि आज नको म्हणतो, पोट पुन्हा फुगलं, लघवी कमी, गोंधळल्यासारखं बोलणं. यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर रात्रीसुद्धा फोन करा. "गॅस आहे" म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) करा. लिटरला १५० मिलिग्रॅमच्या वर असेल, किंवा उतरायचं थांबून पुन्हा चढत असेल, तर सीटी स्कॅनचा विचार. कमी असेल आणि पेशंट खात-चालत असेल तर निश्चिंतपणे घरी सोडता येतं, या तपासणीचा मोठा उपयोग तोच. घरी जाताना हीच लक्षणं मराठीत छापलेल्या कागदावर द्या.

ओटीसाठी एक ओळ तुमच्या तक्त्यात जरूर घाला: पोट शिवायच्या आधी सगळ्यांनी हातमोजे बदलायचे आणि शिवायची अवजारं स्वच्छ, वेगळ्या ट्रेमधली घ्यायची. भारतासह सात देशांत तेरा हजारांहून जास्त पेशंटवर ही चाचणी झाली, २०२२ ला प्रसिद्ध झाली, आणि जखमेचा संसर्ग १८.९ वरून १६ टक्क्यांवर आला. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. एक जादा छोटा ट्रे आणि माणशी एक मोज्यांची जोडी.

आणि मोजणी ३० दिवसांची ठेवा. आतड्याच्या ऑपरेशनातले बरेच संसर्ग टाके काढल्यावर, घरी कळतात. भरतीच्या वेळीच दोन फोन नंबर घ्या, एक पेशंटचा, एक घरातल्या दुसऱ्या माणसाचा. तिसाव्या दिवशी फोन करून चार प्रश्न विचारा: जखमेतून पाणी किंवा पू आला का, ताप आला का, कोणी पुन्हा अँटिबायोटिक दिलं का, दुसऱ्या दवाखान्यात भरती व्हावं लागलं का. शेजारच्या रकान्यात आदल्या दिवशीच्या गोळ्या पूर्ण गेल्या होत्या का, शिरेतलं औषध चिरेच्या किती मिनिटं आधी दिलं आणि ते केव्हा बंद झालं, हे लिहा.

---

सूक्ष्मदर्शी

त्याच वहीत पुवाच्या कल्चरचा निकालही लिहा, जंतूचं नाव आणि सेफॅझोलिन, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, एर्टापेनेम यांना दाद देतो की नाही. तीसेक निकाल जमले की आमच्याकडे पाठवा. तुमच्याच वॉर्डातले जंतू सेफॅझोलिनला दाद देतात की नाही हे त्यावरून कळेल, आणि औषध बदलायचं की नाही ते त्यावर ठरवू.